अग्नी, ऊनपाणी आणि गवत

ज्वालामुखी म्हटला की आपल्याला जपानचा फुजी आठवतो, इटलीचा व्हेसुव्हियस आठवतो. अमेरिकेने तर १८७२ साली यलोस्टोनचे रान राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवले. तिथली उकळती कुंडे आणि कुरणांत चरणारे रानगवे पाहायला जगभरची माणसे जातात. दिवाळीच्या सुटीत इतक्या दूर जाणे आपल्यासारख्यांना कुठले परवडायला! परंतु वाचकहो, मी राहतो त्या ठाण्याच्या कोपरीतून खाडीपलीकडे पाहिले की पारसिकचा डोंगर दिसतो. तो सबंध ज्वालामुखीच्याच रसाचा आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. एक थर निवावा, त्यावर दुसरा यावा, असे थरांवर थर साचले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा काळा खडक पसरलेला आहे. घाटात डोंगरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात त्या या थरांमुळे. त्याला ‘ट्रॅप’ हे नाव पडले, तेही पायरी या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून. ठाण्याच्या येऊरपासून बोरिवलीपर्यंत पसरलेले आपले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान याच खडकावर आहे. तिथल्या कान्हेरीला बौद्ध भिक्षूंनी शंभरावर लेणी कोरून त्यात शतकानुशतके वस्ती केली. अग्नीतून निपजलेल्या दगडात शांतीचे घर करावे, ही कल्पनाच मला मोठी लोभस वाटते.

इतिहासाच्या तासाला एका मुलाने मला विचारले होते, “गुरुजी, मग वज्रेश्वरीच्या कुंडाखाली अजून आग आहे का?” प्रश्न रास्त होता. पण आग केव्हाच विझली. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते, एवढाच तो चमत्कार. तानसेच्या काठी अकलोली, गणेशपुरी. पुढे पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, मग उन्हवरे, आरवली, तुरळ आणि थेट राजापूर. जवळजवळ एका ओळीत कोकणाची ही ऊनपाण्याची माळ ओवलेली आहे. उन्हेरे, उन्हवरे ही नावे ऐका. गावांनी आपले ऊनपाणी नावातच साठवले आहे.

लोककथा मात्र सांगते की देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्तामुळे हे पाणी तापले. वसईच्या स्वारीत चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला, १७३९ च्या मे महिन्यात वसई सर झाली आणि देवीला किल्ल्यासारखे देऊळ मिळाले, असे परंपरा सांगते. इथवरचा इतिहास आपण कौतुकाने सांगतो. पण त्याच भूमीवरच्या गवताचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही.

लाव्ह्याच्या सपाट माथ्यावर जिथे मातीचा थर पातळ असतो, तिथे झाड धरत नाही, गवत धरते. पावसाळा सरला की ते पिवळे पडून कापणीला येते. ठाणे जिल्ह्यातले हे गवत मुंबईला जाई. १८७४ पासून १९०५ पर्यंत मुंबईच्या ट्राम घोडे ओढीत. टांग्यांचे घोडे होते, तबेल्यांतल्या म्हशी होत्या; साऱ्यांना वैरण लागे. ती कापायची कोणी? वारल्यांनी. डहाणू-उंबरगावकडे सावकार-जमीनदारांच्या घरी वेठबिगारी चाले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही लग्नगडी म्हणून आयुष्यभर राबत.

१९४५ च्या जानेवारीत कल्याणजवळच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे काही वारली आले आणि परत जाताना धीर घेऊन गेले. शामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिले. वेठ बंद झाली. मग गवतकापणीचा हंगाम आला तेव्हा वारल्यांनी दर मागितला: ५०० पौंड गवताला अडीच रुपये. मागणी एवढीच! त्यासाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासी ठार झाले. जेठ्या गांगड त्यांतलाच एक. गोदावरीबाईंनी हा सारा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. तो घरात असावा आणि मोठ्या मुलांना वाचायला द्यावा, असा ग्रंथ आहे.

कुंडात शिरलेल्या माणसाला ऊनपाणी कोणाचे आहे हे विचारावे लागत नाही. गवताचे तसे नव्हते. ते जमिनीने दिले, पावसाने वाढवले. मालक मात्र तिसराच निघाला आणि विळा चालवणारा उपाशी राहिला. आमच्या पाठ्यपुस्तकात वसईच्या तटाला जेवढी जागा मिळते, तिच्या चौथाईनेही तलवाड्याला मिळत नाही. वर्गात मी दोन्ही शिकवतो.

या दिवाळीत मुलाबाळांना घेऊन भिवंडी-अंबाडीच्या वाटेने वज्रेश्वरीला अवश्य जा. देवीचे दर्शन घ्या, मग अकलोलीच्या कुंडावर जाऊन ऊनपाण्यात स्नान करा. मात्र येताना कुठे पिवळ्या माळावर कापलेल्या गवताचे भारे दिसले, तर घटकाभर गाडी थांबवा. खाली काळा खडक असेल तो मुलांना दाखवा, आणि एका काळी या गवताच्या ५०० पौंडांना अडीच रुपये मागितले म्हणून काय घडले, तेही त्यांना सांगा.