जुन्या मिसली मागताना



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला साजेसा विषय इतिहासाचा असावा, अशी संयोजकांची इच्छा होती. मी मात्र राजेरजवाड्यांचा इतिहास घेऊन आलेलो नाही. भैंसा-मुधोळच्या आपल्या टापूत जे खटले चालले, ज्या अटका झाल्या, ज्या फिर्यादी नोंदल्या गेल्या, त्यांचे कागद कोठे असू शकतात आणि सामान्य माणसाने ते कोणाकडे व कसे मागावेत, एवढाच माझा विषय आहे. तो कारकुनी वाटेल. परंतु या कागदांवर काही घरांचा मान, काहींचे निवृत्तिवेतन आणि गावाची स्वतःविषयीची समजूत अवलंबून असते.

कागद शोधण्यापूर्वी सरहद्दीचा इतिहास ठाऊक हवा. निजामाच्या राज्यात मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला. मात्र त्यातून मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही तीन मंडळे नावानिशी वगळून आंध्र प्रदेशात, आदिलाबाद जिल्ह्यात घातली गेली. उलट दिशेने आदिलाबादचे किनवट आणि राजुरा तालुके मुंबई राज्याकडे आले. पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगणा झाला आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी भैंसा नव्या निर्मल जिल्ह्यात गेले. म्हणजे आपले गाव जागचे हलले नाही, पण त्याचे जिल्ह्याचे ठाणे दोनदा बदलले. वरचे न्यायालय मात्र पूर्वीही हैदराबादला होते व आजही तेथेच आहे.

या फेरबदलाचा कागदांवर काय परिणाम झाला? १ नोव्हेंबर १९५६ रोजी जे खटले चालू होते आणि ज्यांचा संबंध केवळ दुसऱ्या राज्यात गेलेल्या भागाशी होता, ते त्या राज्यातील समकक्ष न्यायालयाकडे आपोआप वर्ग झाले, अशी तरतूद त्या कायद्यात होती. ती चालू खटल्यांपुरती होती. निकाली निघालेल्या मिसली मूळ न्यायालयाच्या दप्तरखान्यात राहिल्या असण्याचा संभव अधिक. म्हणून १९५६ पूर्वीचा कागद हवा असेल, तर नांदेड आणि आदिलाबाद अशा दोन्ही ठिकाणी विचारणा केली पाहिजे. एका ठिकाणाहून ‘आढळ होत नाही’ असे उत्तर आले, म्हणून शोध संपला असे मानू नये. हैदराबाद संस्थानात न्यायखाते महसुलापासून वेगळे होण्यापूर्वीचे प्रकरण असेल, तर महसुली दप्तरेही पाहावी लागतील. आणि वरिष्ठ खात्यांचा पत्रव्यवहार हैदराबादेत तार्नाका येथील राज्य अभिलेखागारात शोधावा लागेल.

दुसरी अडचण भाषेची व तारखेची. संस्थानच्या कारभारात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे आपल्या आजोबांची जबानी मराठीत झाली असली, तरी ती कोतवालीच्या वहीत उर्दूत सापडेल, आणि तीही फसली सनाच्या तारखेने. तो सन ऑक्टोबराच्या सुमारास, आजूर महिन्यापासून सुरू होई. फसली सनात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढील महिन्यांसाठी ५९१ मिळविले की इसवी सन निघतो. म्हणून ऑगस्ट १९४७ फसली १३५६ मध्ये पडतो, तर सप्टेंबर १९४८ हा १३५७ मध्ये. अर्जात केवळ इसवी सन लिहिला आणि नोंदवही फसलीची असली, तर शोधणारा कारकून चुकीचा खंड उघडण्याची शक्यता असते.

आता हा खटाटोप कशासाठी? १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना आणली आणि १९८० साली ती सन्मान निवृत्तिवेतन म्हणून व्यापक केली. सहा महिन्यांचा कारावास, स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिन्यांचा, ही मुख्य अट. जो भूमिगत होता त्याने आपल्याला फरारी घोषित केल्याचा, पकडण्यासाठी इनाम लावल्याचा किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचा कागद दाखवायचा. म्हणजे देशभक्तीचा पुरावा मागायचा तो ज्या सरकारशी झुंज दिली त्याच्याच पोलिसांच्या वहीतून! एका दप्तरातील ‘फरारी आरोपी’ हाच दुसऱ्या दप्तरातील ‘स्वातंत्र्यसैनिक’. कागदच उरला नसेल, तर ‘अभिलेख उपलब्ध नाहीत’ असा शासनाचा दाखला व सहबंद्याचे प्रमाणपत्र जोडावे लागे. उमरखेडसारख्या सरहद्दीवरील कॅम्पांत राहून लढलेल्यांची अडचण त्याहून मोठी होती, कारण त्यांची तुरुंगाच्या वहीत नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता.

कागदाची जागा केवळ शिफारशीने घेतली की काय होते, हे बीड जिल्ह्याने दाखविले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतल्याचे सांगून निवृत्तिवेतन मिळविणाऱ्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००५ साली त्यावर निकाल झाला. खोटा मनुष्य आत शिरला की खऱ्याकडेही संशयाने पाहिले जाते. ज्यांनी खरोखर हालअपेष्टा सोसल्या, त्यांच्या मुलानातवंडांची ही हानी पैशांत मोजता येणारी नाही.

मग कागद मागावा कसा? न्यायालयाचा निकाल, जबान्या किंवा रोजनामा हवा असेल, तर त्या न्यायालयाच्या नक्कल शाखेकडे अर्ज करावा. खटल्याचा क्रमांक, वर्ष, पक्षकारांची नावे आणि निकालाची तारीख यांपैकी जे ठाऊक असेल ते सर्व लिहावे. खटल्यात पक्षकार नसलेल्या तिऱ्हाइताला कारण सांगून प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, असे अनेक उच्च न्यायालयांचे नियम आहेत. न्यायालयीन नकला त्या नियमांनुसारच मिळवाव्यात, माहिती अधिकाराच्या वाटेने नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. दहा रुपयांचा अर्ज न्यायालयात धाडून महिनाभर वाट पाहणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे.

पोलीस ठाणे, तहसील आणि जिल्हा कार्यालय यांच्याकडील कागदांना मात्र २००५ चा माहितीचा अधिकार लागू आहे. तेथे कारण सांगावे लागत नाही. उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे. न मिळाल्यास वरिष्ठाकडे अपील करता येते. तपास चालू आहे किंवा बाब खासगी आहे, या सबबी वीस वर्षांपूर्वीच्या घटनेला सामान्यतः लागू पडत नाहीत, ही तरतूद आपल्यासारख्या जुने शोधणाऱ्यांस फार मोलाची आहे. कागद नियमाप्रमाणे नष्ट केल्याचे उत्तर आले, तर नष्ट केल्याच्या आदेशाची व यादीची प्रत मागावी. त्या यादीतील एक ओळदेखील खटला झाला होता याची साक्ष देते.

येथे आपल्या टापूची एक खास अडचण सांगितली पाहिजे. हा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करावा, असे कायदा म्हणतो. तेलंगणात त्या भाषा तेलुगू व उर्दू आहेत. म्हणून भैंशाचा नातू नांदेडला मराठीत अर्ज करू शकतो; पण स्वतःच्या जिल्ह्यात, निर्मलला, त्याला दुसरी भाषा धरावी लागते. मराठी शिकलेल्याला नागरी लिपीतील हिंदी जवळची आहे. लिहिता न येणाऱ्याचे तोंडी म्हणणे लेखी करून घेण्यास साहाय्य करणे, हे तर अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, पण टाळता येत नाही. रझाकारांचे अत्याचार आपल्या घरोघरी सांगितले जातात. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, तेही काही घरांत सांगितले जाते, पण हलक्या आवाजात. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पोळल्याचे नोंदविले. आणि तेव्हाच्या नांदेड जिल्ह्यात आपण होतो. तो अहवाल सरकारने कित्येक दशके दाबून ठेवला. परिणामी दोन्ही समाजांनी आपापले ऐकीव जपले, आणि एकाचे दुसऱ्याने कधी वाचले नाही. २००८, २०२० आणि २०२१ साली गावाने पुन्हा दंगली पाहिल्या. अशा वेळी प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, हा केवळ आरोप असतो आणि निकाल हा पुरावा तपासून दिलेला निर्णय असतो, एवढा भेद जरी सर्वांनी राखला, तरी पुष्कळ विष उतरेल. पोलिसांचा कागद म्हणजे वेदवाक्य नव्हे. लिहिणाऱ्याची बाजू त्यात उतरतेच. म्हणून फिर्याद, जबानी आणि निकाल ही तिन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

शाळेपुढे माझी एक विनंती आहे. वरच्या वर्गांतील मुलांनी आपापल्या घरच्या वृद्धांकडून अटक, खटला वा तुरुंगवास यांच्या आठवणी, त्यांची साले आणि गावांची नावे उतरवून घ्यावीत, आणि शिक्षकांनी त्यावरून एक यादी करून ठेवावी. घर कोणत्या धर्माचे, कोणत्या पक्षाचे, हे त्यात पाहू नये. त्या यादीवरून एकेक अर्ज नांदेडला, आदिलाबादला, निर्मलला आणि हैदराबादला जावा. जुन्या दप्तरांना वाळवी लागते, आणि उर्दूतील जुनी मोड वाचणारे वृद्ध वर्षागणिक कमी होत आहेत. हे काम पुढच्या पिढीवर टाकण्याजोगे नाही.