शपथविधी, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयातील

युनायटेड किंग्डमच्या सर्वोच्च न्यायालयात नेमणूक झालेल्या न्यायाधीशाने पदग्रहण करताना दोन शपथा घेण्याचा विधी. पहिली शपथ राजनिष्ठेची, दुसरी न्यायदानाची. दोन्हींचा मजकूर १८६८ च्या शपथविषयक कायद्यात आहे. ईश्वराचे नाव घ्यायचे नसेल त्याला गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते.

२००९ पर्यंत देशातील बहुतेक अंतिम अपिले हाउस ऑफ लॉर्ड्स या संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील ‘लॉ लॉर्ड्स’ ऐकत. कायदे करणाऱ्या सभागृहातच शेवटचा निवाडा व्हावा, ही व्यवस्था २००५ च्या घटनात्मक सुधारणा कायद्याने मोडली. १ ऑक्टोबर २००९ रोजी स्वतंत्र न्यायालय सुरू झाले आणि लॉर्ड फिलिप्स त्याचे पहिले अध्यक्ष झाले. न्यायालय भरते ते मिडलसेक्स गिल्डहॉलमध्ये. संसद समोरच, पण चौकापलीकडे. हे अंतर थोडे असले तरी मोलाचे आहे.

नेमणूक पंतप्रधानांच्या शिफारशीवरून राजा करतो. शपथ मात्र राजवाड्यात होत नाही. नवा न्यायाधीश ती न्यायालयाच्या अध्यक्षांसमोर घेतो आणि नवे अध्यक्ष उपाध्यक्षांसमोर. भारतात सरन्यायाधीशांना राष्ट्रपती शपथ देतात. भूषण गवई यांनी १४ मे २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात हिंदीतून शपथ घेतली, ते दृश्य मराठी वाचकांच्या स्मरणात असेल. लंडनमध्ये प्रमुखाची शपथही सहकाऱ्यांपुढेच होते. न्यायसंस्थेच्या स्वायत्ततेची याहून स्पष्ट खूण या विधीत दुसरी नाही.

न्यायदानाच्या शपथेचा गाभा आपल्याला परका नाही. भय, पक्षपात, ममत्व वा आकस न बाळगता सर्वांना कायद्यानुसार न्याय देण्याचे हे वचन भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतील न्यायाधीशांच्या शपथेतही जवळजवळ तसेच आले आहे.

लंडनमधील शपथविधीला न्यायाधीश सोनेरी नक्षीचे काळे झगे घालतात. केसांचे टोप नसतात. एरवी सुनावणीला ते साध्या पोशाखात, वकिलांच्याच पातळीवर मांडलेल्या अर्धवर्तुळाकार मेजामागे बसतात.

२ ऑक्टोबर २०१७ चा शपथविधी विशेष ठरला. लेडी हेल न्यायालयाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, तर लेडी ब्लॅक या दुसऱ्या महिला न्यायाधीश. न्यायाधीश म्हणून हेल यांच्या आधीच झालेल्या नेमणुकीनंतर दुसरी स्त्री न्यायपीठावर येण्यास इतकी वर्षे लागावीत, ही खेदाचीच बाब. त्याच दिवशी लॉर्ड लॉइड-जोन्स यांनी इंग्रजीबरोबर वेल्श भाषेतही शपथ घेतली. चार देशांच्या या न्यायालयाच्या बोधचिन्हात इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचे काटेफूल, वेल्सची लीक-पाती व उत्तर आयर्लंडचे जवसाचे फूल एकत्र गुंफलेले आहे. शपथेत इंग्रजीशेजारी वेल्श येणे त्याला साजेसेच होते.

प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समितीही आता या न्यायालयाच्याच इमारतीत बसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांवरील अपिले १९४९ पर्यंत या समितीकडे जात. बॅ. मुकुंदराव जयकर १९३९ मध्ये तिचे सदस्य झाले होते. तेव्हा समितीचे कामकाज डाउनिंग स्ट्रीटवर चाले.