डोंगरावरची एक खोली

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने स्वतः एक तरी घर बांधले असले पाहिजे, याविषयी मला शंका नाही. आणि अर्धवट घराशेजारी मुक्काम ठोकून ते पुरे करणाऱ्या माणसाविषयी तर मला विशेष जिव्हाळा वाटतो. आपल्याकडे असा गृहस्थ जागेच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली उभारतो, सिमेंटच्या गोण्यांची राखण करतो आणि सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारतो. अमेरिकेत चाकांवरचे घर मोटारीमागे जोडून जागेवर आणतात व खरे घर पुरे होईतो त्यातच संसार थाटतात. साधन निराळे, ओढ तीच. या हौसेचे एक मोठे उदाहरण अमेरिकेच्याच इतिहासात आहे, आणि ते नुसते हौसेचे नाही.

व्हर्जिनियात शार्लट्सव्हिल गावाजवळ एक टेकडी आहे. थॉमस जेफर्सन या तरुण वकिलाने १७६८ साली तिचा माथा सपाट करायला घेतला आणि जागेला ‘मॉन्टिसेलो’, म्हणजे ‘लहानसा डोंगर’, असे इटालियन नाव दिले. पुढच्या वर्षी बांधकाम सुरू झाले. उंचावरून देखावा सुरेख दिसतो. पण पाणी काही वर चढून येत नाही! खडक फोडून खोल विहीर खणावी लागली, आणि तीही वरचेवर आटे.

१ फेब्रुवारी १७७० रोजी त्याचे वडिलोपार्जित घर जळाले. पुस्तके गेली, कागदपत्रे गेली. तेव्हा नोव्हेंबरात हा गृहस्थ टेकडीवर राहायला आला. तेथे तयार काय होते? विटांची एक खोली आणि तिच्याखाली तळघरात स्वयंपाकघर. दिवाणखाना, अभ्यासिका, शयनगृह सारे त्या एकाच खोलीत.

१७७२ च्या जानेवारीत त्याचे मार्था हिच्याशी लग्न झाले. नवी नवरी घेऊन तो निघाला तो भर हिमवर्षावात. बर्फ इतके साचले की गाडी वाटेत सोडून शेवटचा टप्पा घोड्यावरून गाठावा लागला. रात्री उशिरा पोचतात तो शेगड्या विझलेल्या, नोकरचाकर झोपी गेलेले. पुस्तकांच्या मागे मद्याची अर्धी बाटली सापडली आणि तिच्यावरच त्या दोघांनी हसतखेळत वेळ निभावली, अशी आठवण त्यांच्या घराण्यात सांगत असत. वाचकहो, नव्या संसाराला याहून अधिक काय लागते? उद्या मोठे घर होणार, एवढी खात्री असली की एक खोलीही पुरते.

हे ‘उद्या’ मात्र फार लांबले. मार्था १७८२ साली वारली, तेव्हाही घर पुरे झाले नव्हते. पुढे जेफर्सन पाच वर्षे पॅरिसमध्ये राहिला, तेथले घुमट पाहून आला, आणि बांधलेले घर पाडून नवा नकाशा मांडू लागला. आपण विटांच्या भट्टीतच राहतो आहोत, अशा अर्थाचे त्याने १७९४ साली एका स्नेह्याला लिहिले. तो राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतर, १८०२ साली आलेल्या एका पाहुणीला प्रवेशाच्या दालनात सुट्या फळ्यांवरून चालावे लागले. घर पुरे झाले म्हणायला १८०९ साल उजाडले. चाळीस वर्षे!

येथवर वाचताना मला हसू येत होते. पण मग मनात प्रश्न आला : या चाळीस वर्षांत विटा थापल्या कोणी? लाकूड रंधले कोणी? काही पगारी कारागीर होते. पण बाकीचे बहुतेक काम गुलामांचे. सर्व माणसे समान जन्मली आहेत, असे १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे मालकीने बाळगली. घराच्या खालच्या अंगाला तुतीच्या झाडांची एक वाट होती. तिच्या कडेला त्यांतल्या काहींची खोपटी. १७९६ च्या विम्याच्या कागदात त्यांचे माप आहे : बारा फूट बाय चौदा फूट, लाकडी धुराडे, मातीची जमीन.

जॉन हेमिंग्ज हा त्यांच्यातला निष्णात सुतार. घरातले सुबक लाकूडकाम त्याच्या हातचे. शेवटी मालकाची शवपेटीही त्यानेच केली. ४ जुलै १८२६ रोजी जेफर्सन वारला तो एक लाख डॉलरहून अधिक कर्ज मागे ठेवून. मृत्युपत्राने पाच जणांना मुक्ती मिळाली. त्यांत जॉन होता, जो फॉसेट नावाचा लोहारही होता. पण १८२७ च्या जानेवारीत त्याच टेकडीवर सुमारे १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला, आणि त्यात जोची बायको ईडिथ व मुले विकली गेली. पुढे त्यांतली काही जणच त्याला परत मिळवता आली.

मालकाची एक खोली आणि मजुराचे खोपट यांच्यातला खरा फरक मापाचा नव्हता. फरक होता तो हा की खोलीतल्या माणसाला पलीकडे आपल्या भिंती चढताना दिसत होत्या. खोपटातला माणूस त्या भिंती दुसऱ्यासाठी चढवीत होता. मालकाची गैरसोय तात्पुरती होती, म्हणून ती गोड लागली.

आज ती वास्तू जागतिक वारशात गणली जाते. पाहायला येणाऱ्यांना तेथल्या जुन्या विटांत लहान मुलांच्या बोटांचे ठसे दाखवतात. तुतीच्या वाटेवर २०१५ साली एक खोपटही पूर्वीसारखे उभारून लोकांना खुले केले. ते जॉन हेमिंग्ज आणि त्याची बायको प्रिसिला यांच्या नावाने ओळखले जाते. मला ही टेकडी पाहायची झाली, तर घुमटाकडे जाण्याआधी मी त्या खोपटाच्या दारात थांबेन.