वऱ्हाडी बोली आणि टीव्हीचा पडदा

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पण त्याचं चित्र वऱ्हाडापर्यंत पोचत नव्हतं. १९८३ साली इन्सॅट-१बी अवकाशात गेला, देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले आणि अकोला-अमरावतीच्या छपरांवर अँटेना चढल्या. एकानं वर दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं खालून ‘मुंग्या गेल्या’ असं ओरडायचं. १९८७ साली ‘रामायण’ लागलं, तेव्हा टीव्ही असलेल्या घरात रविवारी सकाळी अख्खी गल्ली मावायची. पुढे केबल आली, छत्री आली, १९९९ साली अल्फा मराठी आली. चित्र स्वच्छ होत गेलं, पण त्यातून वऱ्हाडी माणूस क्वचितच बोलला. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, तरी शेतीचा सल्ला ‘आमची माती, आमची माणसं’मधून यायचा तो मुंबईहून, प्रमाण मराठीत. म्हणूनच इंटरनेटनं इथे टीव्हीचा प्रेक्षक पळवला, असं मला वाटत नाही. टीव्हीनं जी जागा कधी भरलीच नाही, तिथे ते येऊन बसलं.

यावर कोणी म्हणेल, ‘चला हवा येऊ द्या’तून अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी घराघरांत नेली की! नेली, आणि त्याचा अभिमानच आहे. पण तिथे बोलीला हसवण्याचं काम मिळालं, समजावून सांगण्याचं नाही. ते काम तिला यूट्यूबवर मिळालं. २०२० च्या टाळेबंदीत वर्ध्याचे नितेश कराळे स्पर्धा परीक्षेचे धडे वऱ्हाडीत शिकवू लागले आणि राज्यभरातली पोरं ऐकत बसली. शेतीतही हीच गरज होती: २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला. अशा संकटात किडीचे पतंग पकडणारा कामगंध सापळा कधी लावायचा, हे याच भाषेत रोज सांगणारं कोणी हवं होतं.

मग टीव्ही संपला का? तसं मानणं घाईचं ठरेल. मोबाइलचा रिचार्ज संपला की यूट्यूब थांबतं. दूरदर्शनच्या फ्री डिश या छत्रीला मासिक भाडं नाही, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना रिमोटच हाताळता येतो. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं जमिनीवरचे बहुतेक जुने प्रक्षेपक बंद केले, २०२४ च्या नोव्हेंबरात ‘वेव्हज्’ हे ॲप आणलं. म्हणजे छत्री आणि मोबाइल, दोन्ही वाटा एकाच सार्वजनिक संस्थेच्या हातात आहेत. अकोल्यात विद्यापीठातले शास्त्रज्ञ आहेत, आकाशवाणीचं केंद्रही आहे. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीनं रोजचा एक तास वऱ्हाडीला द्यावा, तो अकोल्यातच तयार व्हावा आणि दोन्ही वाटांनी दिसावा, ही मागणी वऱ्हाडच्या लोकप्रतिनिधींनी आता संसदेत मांडली पाहिजे.