इंग्रजी निबंधाची मशागत

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना रस्ता थळघाट चढून इगतपुरीवरून घोटीस येतो. आगगाडीनें हा घाट १८६५ सालीं ओलांडला. तोंपर्यंत नाशिकच्या बाजूनें मुंबईस विद्येसाठीं जाणाऱ्या मुलास याच वाटेनें घाट उतरावा लागे. घोटी हें भाताचें गांव. येथला शेतकरी पावसाची वाट पाहत स्वस्थ बसत नाहीं. उन्हाळ्यांतच तो शेण व पालापाचोळा पसरून राब भाजतो, पावसाच्या तोंडाशीं त्यांत बीं टाकतो, आणि रोप पुरेसें वाढलें कीं तें उपटून चिखल केलेल्या खाचरांत ओळीनें लावतो. त्याला तो आवणी म्हणतो. राब नीट भाजला नाहीं तर पुढें कितीही पाऊस पडो, पीक सुधारत नाहीं. इंग्रजीच्या परीक्षेंत निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्टही अशीच आहे. आणि ती समजण्यास याच जिल्ह्यांत जन्मलेल्या एका थोर पुरुषाचें उदाहरण पुरेसें आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ सालीं झाली. ती उतरलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे हे होते. त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं निफाड येथें झाला. पुढें १८६२ सालीं विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे चौघे होते.

या पिढीपुढें निबंध हें एक नवेंच कोडें होतें. आपल्याकडे निबंध हा शब्द जुना. पण धर्मशास्त्रावरील वचनें एकत्र गुंफून निर्णय सांगणारे जे ग्रंथ, त्यांना तें नांव होतें. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु हा त्याच जातीचा. पाठशाळेंतील विद्यार्थ्याचें सामर्थ्य पाठांतरांत असे. उलट युरोपांतील निबंध हा एका माणसाच्या मोकळ्या विचारांतून निघाला. फ्रान्समध्यें माँतेन यानें आपले निबंध १५८० सालीं प्रसिद्ध केले. इंग्लंडांत बेकनचे पहिले दहा निबंध १५९७ सालीं छापले गेले. परीक्षेनें या मोकळ्या प्रकारास घड्याळ लावलें व गुण लावले. चीन देशांत तर राजसेवेच्या परीक्षेंतील निबंध ठराविक आठ अंगांचा असावा असा दंडक शेंकडों वर्षें चालला. अखेर १९०५ सालीं ती परीक्षाच बंद झाली. केवळ सांचा उरला म्हणजे विचार कसा गुदमरतो, याचें तें ठळक उदाहरण होय.

रानडे एल्फिन्स्टन कॉलेजांत असतांना तेथें सर अलेक्झांडर ग्रँट हे प्रिन्सिपॉल होते. ते अ‍ॅरिस्टॉटलचे मोठे अभ्यासक. त्याच्या नीतिशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १८५७ सालीं निघाला होता. चरित्रकार सांगतात कीं, रानड्यांनीं एका इंग्रजी निबंधांत मराठ्यांचें राज्य व इंग्रजांचें राज्य यांची तुलना केली, आणि तींत इंग्रजी राज्याकडे उणेपणा दिला. ग्रँटसाहेबांनीं त्यांना बोलावून समज दिली, व त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद केली. निबंध व्याकरणांत चुकला म्हणून ही शिक्षा झाली नाहीं. त्यांत लिहिणाऱ्याचें स्वतःचें मत होतें म्हणून झाली. शिष्यवृत्तीवर ज्याचें शिक्षण चालतें, त्याला सहा महिने म्हणजे काय, हें सांगावयास नको. तरीही रानड्यांनीं त्या गुरूविषयीं कटुता बाळगिली नाहीं, आणि तो विषयही सोडला नाहीं.

तो विषय त्यांनीं जन्मभर राबाप्रमाणें भाजून तयार केला. १९०० सालीं त्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचीं प्रकरणें नुसतीं पाहिलीं तरी निबंधाची आंखणी कशी असावी हें कळतें. आरंभीं या इतिहासाचें महत्त्व. मग जमीन कशी तयार झाली, बीं कसें पेरलें गेलें, तें कसें फोफावलें, वृक्ष कसा बहरला व त्याला फळ कसें आलें, अशी ओळ आहे. संतांच्या कार्याचें प्रकरण त्यांत वेगळें घातलें आहे. शिवाजीमहाराजांचा पराक्रम हा रानांत अचानक पेटलेला वणवा नव्हे, त्यामागें पिढ्यांची मशागत होती, हें एकच म्हणणें सर्व प्रकरणांतून पुढें सरकतें. विद्यार्थिदशेंत ज्या विचारानें शिष्यवृत्ति थांबविली, त्याचेंच हें पक्व फळ. पुढच्याच वर्षीं, १६ जानेवारी १९०१ रोजीं, रानडे निवर्तले.

इंग्रजी निबंधापासून शिकून मराठीस संपन्न करण्याचें काम विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं केलें. १८७४ सालीं त्यांनीं निबंधमाला सुरू केली. जॉन्सन व मेकॉले यांच्या वाचनानें त्यांना वाक्याची ऐट व युक्तिवादाची मांडणी दिली; अभिमान मात्र स्वतःचा होता. परकी भाषेंतील परीक्षेची शिस्त आपल्या भाषेच्या कामीं येऊं शकते, हें त्यांनीं दाखविलें.

आजच्या विद्यार्थ्यानें या इतिहासापासून काय घ्यावें? पहिलें हें कीं, प्रश्न हातीं येतांच लेखणी चालवूं नये. विषयांत नेमकें काय विचारलें आहे, वर्णन कीं मत, हें पाहावें. आपलें म्हणणें एका वाक्यांत ठरवावें. मग सुचेल तो मुद्दा कोऱ्या कागदावर टिपावा. हा राब. त्यांतील सशक्त तीनचार मुद्दे निवडावे, बाकीचे निर्दयपणें टाकावे. आणि प्रत्येकास एक परिच्छेद व एक उदाहरण देऊन ओळीनें लावावे. ही आवणी. रोपें दाट झालीं तर एकमेकांस मारतात, विरळ झालीं तर तण माजतें, परिच्छेदांचेंही तसेंच. विरुद्ध पक्षाचा बळकट आक्षेप टाळूं नये, त्याला उत्तर द्यावें. शेवटीं आरंभींच्या वाक्याकडे परतावें, पण तेंच पुन्हा लिहूं नये. अखेरचीं पांच मिनिटें काळ, वचन व शुद्धलेखन तपासण्यासाठीं राखावीं.

दुसरें शिक्षण याहून कठीण आहे. पाठ केलेला निबंध हें दुसऱ्याच्या खाचरांतून उपटून आणलेलें रोप होय; परीक्षकास तें मातीवरून ओळखूं येतें. घोटीच्या मुलास पावसाळ्यावर लिहावयास सांगितलें, तर इंग्लंडांतील रिमझिम सरींचें वर्णन उसनें आणण्याचें त्यास काय कारण? दारापुढचीं पाण्यानें भरलेलीं खाचरें, आवणी करणाऱ्या बायांची ओळ व ढगांत बुडालेला कळसूबाईचा माथा त्याच्या डोळ्यांपुढें आहे. इंग्रजी शब्द त्यानें कोशांतून घ्यावे, वाक्याची बांधणी चांगल्या ग्रंथकारांकडून घ्यावी. पण सांगण्याजोगी गोष्ट आपल्या शिवारांतूनच घ्यावी. निफाडच्या त्या विद्यार्थ्यानें भाषा इंग्रजांची घेतली आणि विचार आपला ठेवला. त्याची किंमत त्याला सहा महिने मोजावी लागली. पीक मात्र महाराष्ट्रास मिळालें.