चोर कोण, हे आधीच ठरलेलं होतं

मागच्या भागाखाली एकाने विचारलं होतं, "दादा, रेसिझमवर एक भाग करा ना, पण आपल्याकडे रेसिझम असतो का?" प्रश्न चांगला आहे. उत्तर शोधायला मी आधी अमेरिकेत गेलो, मग जर्मनीत, आणि शेवटी आमच्या संग्रामपूरला परत आलो. म्हणजे पुस्तकांतून गेलो, विमानाने नाही.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. मे-जून २०२० आठवा. लॉकडाऊन होता. मिनिआपोलिसमध्ये एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून धरला आणि तो माणूस मेला. जगभर लोक इन्स्टाग्रामवर काळा चौकोन टाकत होते. मीही टाकला. घराच्या गच्चीवर बसून, समोर सातपुड्याची रांग, आणि हातात मोबाइल. फार बरं वाटलं. आपण योग्य बाजूला उभे आहोत असं वाटलं.

तेव्हा मला सातवीतली गोष्ट आठवली नाही. ती नंतर आठवली.

सातवीत आमच्या वर्गात सहलीचे पैसे गोळा होत होते. एका मुलीचे दोनशे रुपये हरवले. सर वर्गात आले आणि विचारलं, "कोणी घेतले?" सगळं शांत. आमच्या वर्गात गावाबाहेरच्या पारधी बेड्यावरचा एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसायचा. गणितात माझ्यापेक्षा बरा होता. कोणीतरी बोलायला हवं होतं आणि मी बोललो. मी त्याचं नाव घेतलं. मी काहीही पाहिलं नव्हतं. पण माझं बोलणं कोणालाच खोटं वाटलं नाही, मलासुद्धा नाही. त्याचं दप्तर उलटं केलं, खिसे तपासले. काही निघालं नाही. "कुठंतरी लपवले असतील," असं ठरलं.

ही गोष्ट इथेच ठेवू. परत येतो.

आता शब्दाकडे या. 'रेस'ला मराठीत आपण 'वंश' म्हणतो. पण घरात हा शब्द कधी ऐकला? 'वंशाचा दिवा' म्हणतात तेव्हा. म्हणजे मुलगा. त्यामुळे 'वंशवाद' म्हटलं की तो आपल्या गावचा नाही, परदेशातला आजार आहे, असं वाटतं. गोरे लोक काळ्या लोकांशी करतात ते. आपल्याकडे जात आहे, जमात आहे, रंग आहे, बोली आहे, पण 'रेस' नाही. असं मलाही वाटायचं.

पण राज्यघटना काढून बघा. अनुच्छेद १५ मध्ये भेदभाव कशावरून करायचा नाही याची यादी आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. वंश आणि जात शेजारीशेजारी बसलेत. घटना लिहिणाऱ्यांना दोन्ही ठाऊक होते.

आणि त्यांच्याही आधी आपल्याकडच्या एका माणसाला हे नातं दिसलं होतं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक काढलं, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून, इंटरनेट सोडा, वीजही नसताना.

गंमत बघा. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने इथे एक कायदा केला. क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा. त्यामागचं तर्कशास्त्र साधं होतं. सुताराचा मुलगा सुतार होतो, लोहाराचा मुलगा लोहार होतो, तर चोराचा मुलगा चोर होणार. हिंदुस्थानात धंदा जन्माने मिळतो, मग गुन्हाही जन्मानेच मिळतो. झालं! अख्ख्या जमातीच्या जमाती वहीत नोंदवल्या. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवाना असल्याशिवाय गाव सोडायचं नाही. आधी हा कायदा उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ मध्ये तो देशभर लागू करता येईल असा केला. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. तो भाग आजही लोक 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखतात.

यात एक बारकावा आहे. इंग्रजांनी कल्पना आणली युरोपातून आणि ती रोवली आपल्या जातीच्या मातीत. दोघांचं जमलं, कारण दोघांचं म्हणणं एकच होतं: माणूस काय करेल हे तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून कळतं.

मग याला 'विज्ञान' जोडलं गेलं. हर्बर्ट रिस्ले नावाचा एक अधिकारी होता. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख. हा माणूस लोकांची नाकं मोजायचा. खरंच. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. आकडा जितका कमी, म्हणजे नाक जितकं सरळ-अरुंद, तितकी जात वरची, असा त्याचा दावा. जात म्हणजेच वंश, आणि वंश नाकावर लिहिलेला असतो! आपल्याकडे लग्न जमवताना 'मुलगी नाकीडोळी नीटस, गोरी' म्हणतात ना, त्याला सरकारी शिक्का मिळाल्यासारखं झालं.

हे खोडून कोणी काढलं? यात तीन मराठी माणसं आहेत, आणि त्यातल्या एक बाईंची गोष्ट मला सगळ्यात आवडते.

इरावती कर्वे. तुम्हाला 'युगान्त' मुळे माहीत असतील. जन्म १९०५, ब्रह्मदेशात. इरावती नदीवरून नाव. मुंबईत डॉ. घुर्यांच्या हाताखाली शिकल्या आणि १९२८ मध्ये, तेविसाव्या वर्षाच्या आत-बाहेर, पीएचडीसाठी थेट बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. हा माणूस वंशशुद्धीचा मोठा पंडित. पुढे हिटलर आल्यावर बर्लिन विद्यापीठाचा प्रमुख झाला. पुढे त्याच्याच संस्थेला आउशवित्झच्या छळछावणीतून मेलेल्या माणसांचे अवयव पाठवले गेले. इतकी ती जागा भयानक ठरली.

तर फिशरचं म्हणणं असं की, गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, कारण त्याची बुद्धी जास्त, मेंदूचा एक भाग मोठा. इरावतीबाईंना काम दिलं, हे मोजून दाखव. त्यांनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. वेगवेगळ्या खंडांतल्या. काही तर वसाहतींमधून उचलून आणलेल्या. आणि निष्कर्ष काढला की कवटीच्या या असमानतेचा आणि वंशाचा काही संबंध नाही. परक्या देशात, एकटी मराठी मुलगी, आणि ज्याच्या हातात तिची पदवी आहे त्यालाच सांगते की सर, तुमचं म्हणणं मापात बसत नाही.

आता लगेच मूर्ती उभी करू नका. भारतात परतल्यावर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना, बाईंनी स्वतःही महाराष्ट्रातल्या लोकांची शरीरं मोजणं चालूच ठेवलं. त्या काळच्या शास्त्राची ती सवय होती. ज्याने खोटं पकडलं, त्याच्याही हातातली पट्टी सुटत नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं.

दुसरे डॉ. घुर्ये, मालवणचे. त्यांनी १९३२ च्या पुस्तकात रिस्लेचेच आकडे पुन्हा तपासले आणि दाखवलं की नाक आणि जातीची उतरंड देशभर जुळत नाही. महाराष्ट्रात तर नाहीच.

आणि तिसरे बाबासाहेब. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या पुस्तकात त्यांनी नाकांची हीच मोजमापं घेतली आणि तलवारीसारखी फिरवली. त्या आकड्यांप्रमाणे संयुक्त प्रांतातला, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातला ब्राह्मण हा शारीरिकदृष्ट्या पंजाबातल्या अस्पृश्य चुहड्याच्या जवळचा निघतो. म्हणजे ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य, आणि अस्पृश्य द्रविड असेल तर ब्राह्मणही द्रविड. वंश वेगळा म्हणून अस्पृश्यता आली, हे खरं नाही. ती माणसांनी केली.

थोडक्यात, रक्तात, नाकात, कवटीत काही सापडलं नाही. मग प्रश्न संपला पाहिजे होता. संपला का?

३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. स्वातंत्र्य मिळालं १९४७ ला, पण या लोकांच्या डोक्यावरचा शिक्का पुसायला आणखी पाच वर्षं लागली. आणि लगेच 'सराईत गुन्हेगार' नावाचे नवे कायदे आले. वही बदलली, बघणारे डोळे तेच.

योगायोग असा की २००१ मध्ये बरोबर ३१ ऑगस्टलाच दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद सुरू झाली. दलित कार्यकर्ते म्हणाले, जातीचा विषय इथे घ्या. भारत सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नाही. शास्त्र म्हणून बघितलं तर सरकारचं वाक्य बरोबरच होतं, बाबासाहेबांनी तेच सिद्ध केलं होतं! पण बाबासाहेबांनी ते अन्याय उघडा पाडायला वापरलं, आणि इथे ते विषय बंद करायला वापरलं. फरक इथे आहे.

माझ्यापुरता मी रेसिझमचा अर्थ असा लावलाय: माणसाबद्दलचा निर्णय आधी घ्यायचा आणि पुरावा नंतर शोधायचा. रंग, नाक, आडनाव, बेडा, ही सगळी निमित्तं.

काही जण म्हणतात, "मग ही ओळखीची राजकारणं कशाला? जात-जमात काढायचीच कशाला?" मलाही कधीकधी वाटतं. पण तो पारधी मुलगा ही ओळख स्वतःहून घेऊन आला नव्हता. वहीने ती त्याच्या पणजोबाला दिली. आज शिष्यवृत्ती हवी असेल तर त्याच नावाचा दाखला त्याला काढावा लागतो. ज्या नावाने मार खाल्ला त्याच नावाने हक्क मागावा लागतो. त्याने ते नाव टाकून द्यावं असं सांगणं मला सोपं आहे, कारण माझ्या नावावर कोणी दप्तर तपासत नाही.

तसं माझ्याही वाट्याला थोडं आलंय. पुण्यात खोली शोधत होतो. मी चांगलाच काळा आहे. एका घरमालकाने वर-खाली बघून विचारलं, "साऊथचे का?" मी घाईघाईने म्हणालो, "नाही नाही काका, मी मराठीच आहे, बुलढाण्याचा." खोली मिळाली. खाली उतरल्यावर लक्षात आलं की मी काकांचा नियम मान्यच केला होता. फक्त म्हटलं की तो मला लागू करू नका.

आता सातवीची गोष्ट पुरी करतो. चार दिवसांनी ते दोनशे रुपये त्या मुलीच्याच भूगोलाच्या पुस्तकात सापडले. सगळे हसले. तो मुलगा तोवर शाळेत यायचा बंद झाला होता. परत आलाच नाही.

मागच्या दिवाळीत वरवट बकालच्या स्टँडवर तो भेटला. संत्र्यांच्या गाडीवर हमालीला होता. मी ओळख दिली. त्याने लगेच ओळखलं. मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं की, "अरे, ते पैसे तेव्हाच सापडले होते. तिच्याच पुस्तकात."

तो बघत राहिला. म्हणाला, "सापडले होते? मले त कोनी सांगतलंच नाई."

सोळा वर्षं. त्याच्या घरच्यांनी त्याला तेव्हा मारलं होतं, तेही त्यानेच सांगितलं. आईला वाटायचं, घेतलेच असतील.

मी माफी मागितली. तो "असू दे" म्हणाला आणि क्रेट उचलायला गेला, कारण गाडी भरायची होती. ते "असू दे" म्हणजे माफी होती की नुसतं संभाषण संपवणं, ते विचारायचा मला हक्क नाही.

तर ज्याने प्रश्न विचारला होता त्याला उत्तर: हो, असतो. आणि तो शोधायला मिनिआपोलिसला जायची गरज नाही. तुमच्या वर्गात काहीतरी हरवलं होतं तेव्हा सगळ्यांनी कोणाकडे बघितलं होतं, एवढं आठवा. आणि ती वस्तू नंतर सापडली असेल, तर जाऊन त्याला सांगा.

भेटू पुढच्या भागात.