दोन 'इन्', एक ठिणगी: एका उपसर्गाचा इतिहास

१/ इंधनाच्या टँकरमागे लिहिलेला 'इन्फ्लेमेबल' हा शब्द आपण सर्वांनी पाहिला आहे. 'इन्व्हिजिबल' म्हणजे अदृश्य, 'इन्क्युरेबल' म्हणजे असाध्य. मग 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारे काय? अर्थ नेमका उलट आहे: चटकन पेट घेणारे. या गोंधळाचा हा इतिहास.

२/ शब्दाची फोड करू. 'फ्लेम'चे मूळ लॅटिन 'फ्लामा', म्हणजे ज्वाला. शेवटचा 'एबल' हा प्रत्यय लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. आपल्या 'वंदनीय', 'श्रवणीय' यांतील 'नीय'शी त्याचे काम जुळते. घोटाळा आहे तो आरंभीच्या उपसर्गात.

३/ लॅटिनमध्ये 'इन्' दोन होते. एक नकारार्थी, 'अनादि', 'अनंत' यांतील आपल्या 'अन्'चा तो भाऊबंद. दुसरा 'आत', 'वर' असा अर्थ दाखवणारा. 'इन्फ्लामारे', म्हणजे पेटवणे, या क्रियापदात हा दुसरा 'इन्' आहे. रूप एक, कुळे दोन.

४/ सतराव्या शतकाच्या आरंभी हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा शिकलेल्या वाचकाला लॅटिन अपरिचित नव्हते. पुढे पेट्रोल आणि रसायने गोदामांत, रस्त्यांवर पोहोचली. पिंपावरचा इशारा आता हमाल आणि वाहनचालक वाचू लागले. त्यांच्या कानाला 'इन्' म्हणजे 'नाही' एवढेच ठाऊक होते.

५/ १८१३ मध्ये इंग्रजीत छापला गेलेला, पण फारसा न रुळलेला 'फ्लेमेबल' हा शब्द मग कामी आला. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने त्याचा आग्रह धरला. १९५९ मध्ये ब्रिटनच्या मानक संस्थेनेही तेच धोरण स्वीकारले. विरुद्धार्थी शब्द ठरला 'नॉन-फ्लेमेबल'. त्यात शंकेला जागा नव्हती.

६/ जुना शब्द व्याकरणदृष्ट्या मुळीच चूक नव्हता. वयानेही तो नव्यापेक्षा दोनशे वर्षांनी थोरला. तरीही त्याला मागे सरावे लागले, कारण इशारा हा विद्वानांसाठी नसतो, समोर उभ्या असलेल्या माणसासाठी असतो. आपल्याकडे मात्र अनेक टँकरांवर तो अजून टिकून आहे.

७/ मराठीतही 'वि' हा उपसर्ग 'विख्यात'मध्ये अर्थ वाढवतो आणि 'विफल'मध्ये तो नाकारतो. तेथे चूक झाली तर परीक्षेतला गुण जातो. पिंपावरच्या उपसर्गात चूक झाली, तर जीव जाऊ शकतो.